राउटर नाही? मग यजमान कोण, ते आधी ठरवा

माझ्या मावसभावाचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे फॉर्म, लग्नपत्रिका, सगळं तिथेच. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप त्याने घेतला, प्रिंटर घेतला, ब्रॉडबँड मात्र घेतलं नाही. गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलमध्ये पीडीएफ घेऊन. मग केबल शोधा, ती त्या फोनला बसते का बघा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडायला सांगा. तोवर मागची रांग कुरकुरायला लागायची. एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, वायफायने जोडायचं तर राउटर घ्यावाच लागेल ना?"

नाही लागत. पण राउटर नेमकं काय करतो ते एकदा समजून घेतलं, तर पुढची अर्धी डोकेदुखी वाचते. तो तीन कामं करतो. वायफायचं नेटवर्क उभं करतो, त्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा घरक्रमांक) देतो आणि बाहेरचं इंटरनेट आत आणतो. फोनमधली फाइल डेस्कटॉपवर आणायची तर तिसऱ्या कामाची गरजच नसते. पहिली दोन कुणीही केली तरी चालतात: मोबाइल करतो, डेस्कटॉप स्वतः करू शकतो, हल्लीचे बरेच प्रिंटरही करतात. जो ही कामं करतो त्याला मी यजमान म्हणतो, बाकीचे पाहुणे. यजमान एकच असला पाहिजे. मी पाहिलेल्या निम्म्या तक्रारी अशा असतात की फोनचा हॉटस्पॉट चालू, डेस्कटॉपचाही चालू, आणि दोघंही आपापल्या दारात पाहुण्याची वाट बघत उभे.

डेस्कटॉपला वायफाय आहे का?

लॅपटॉपला ते असतंच, डेस्कटॉपला बहुतेक वेळा नसतं. कॅबिनेटच्या मागे, जिथे कीबोर्ड आणि लॅनची केबल लागते त्या पट्टीवर, दोन छोटे सोनेरी आटे दिसतात का बघा. ते अँटेना लावायचे असतात, म्हणजे वायफाय आहे. अँटेना हरवले असतील तर आधी ते आणा; त्यांच्याशिवाय शेजारच्या खोलीतलं नेटवर्कही धड दिसत नाही. आटे नसतील तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क ॲडॅप्टर्स'खाली वायरलेस किंवा वायफाय असं काही लिहिलंय का पाहा. फक्त इथरनेटचं (म्हणजे लॅन केबलच्या जोडणीचं) नाव असेल तर डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचं छोटं वायफायचं यंत्र, घ्यायचा.

साधा, नखाएवढा, १५० एमबीपीएसचा (सेकंदाला इतके मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) यूएसबी डोंगल चारपाचशे रुपयांत मिळतो. माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन्ही लहरींच्या पट्ट्यांवर चालणारा, आणि शिवाय ब्लूटूथ असलेला घ्या. पाकिटावर लिहिलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही. १५० वाल्यावर ४० ते ५० एमबीपीएस मिळाले तरी ठीक समजायचं. त्या वेगाने ४ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ यायला दहा-बारा मिनिटं लागतात. दोन पट्ट्यांच्या चांगल्या डोंगलवर तीन-चार मिनिटांत काम होतं. ब्लूटूथने पाठवायला गेलात तर चार तासांच्या वर, म्हणजे तोवर वऱ्हाड घरी पोचतं.

डोंगल आला, लावला, आणि वायफायचं चिन्ह काही दिसेना. मावसभावाकडे हेच झालं. 'धिस पीसी' उघडलं तर तिथे एक सीडी ड्राइव्ह उगवला होता, आणि त्या कॅबिनेटला तर सीडी ड्राइव्हच नव्हता! बरेच डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणवून घेतात, कारण त्यांचा ड्रायव्हर (डेस्कटॉपला ते यंत्र ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. ती सीडी उघडून सेटअप चालवायचा. एवढं करूनही सीडीच दिसत राहिली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' म्हणायचं. सीडी जाते, वायफाय येतं. मला हे कळायला पहिल्यांदा एक अख्खी दुपार लागली होती.

ड्रायव्हर पोटात नसेल तर तो नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेट हवं तर ड्रायव्हर हवा. हा गुंता सोडवायला अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने डेस्कटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग'खाली 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. डेस्कटॉपला लगेच नेट मिळतं. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर तो पर्याय फिकाच राहतो.

डोंगल कुठे लावताय तेही बघा. कॅबिनेट पत्र्याचं, टेबलाखाली, पाठ भिंतीला. अशा ठिकाणी मागच्या पोर्टात नखाएवढा डोंगल लावला तर सिग्नल पत्र्यातच अडतो. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टात शेजारी हार्ड डिस्क लावली असेल तर आणखी एक अडचण येते: यूएसबी ३ च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला उपद्रव होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. दोन्हीवर उपाय एकच, मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. दुकानात आम्ही डोंगल त्या केबलच्या टोकाला लावून टेबलाच्या पायाला वरच्या बाजूला टेपने चिकटवलाय. दिसायला गबाळं आहे, पण एका दांडीवरून सिग्नल पूर्ण झाला.

फोन यजमान, डेस्कटॉप पाहुणा

नवख्याने सुरुवात इथूनच करावी. यात बिघडण्यासारखं सगळ्यांत कमी आहे.

१. फोनवर हॉटस्पॉट चालू करा. पट्टी निवडता येत असेल आणि डोंगल साधा असेल तर २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, नाहीतर डेस्कटॉपला ते नेटवर्क दिसणारच नाही. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू केलं की हेच होतं.

२. डेस्कटॉपवर घड्याळाजवळच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करून फोनचं नाव निवडा आणि पासवर्ड टाका.

३. जोडणी झाली की त्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन दोन गोष्टी बदला. प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, नाहीतर फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी) फाइलवाल्या ॲपना अडवेल. आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा.

ही तिसरी पायरी सोडू नका. मी सोडली होती. दिवसाला दीड जीबीचा पॅक, सकाळी दहाला हॉटस्पॉट जोडला आणि अकराला डेटा संपल्याचा मेसेज. डेस्कटॉप कित्येक महिन्यांनी नेटवर आला होता, त्याने मागच्या मागे अपडेट उतरवायला घेतले. मीटर्ड केलं की तो हात आखडता घेतो. नुसती फाइलच द्यायची-घ्यायची असेल तर अँड्रॉइडवर मोबाइल डेटा चक्क बंद ठेवा. हॉटस्पॉट चालूच राहतो आणि फोन ते डेस्कटॉप ही वाहतूक पॅकमधून कापली जात नाही, कारण ती टॉवरपर्यंत जातच नाही. आयफोनला मात्र हॉटस्पॉटसाठी मोबाइल डेटा चालू लागतो.

आता नेटवर्क झालं, फाइल कशी न्यायची? जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजूनही शेअरइट आणि झेंडर सुचवलेलं दिसतं. २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती, ईएस फाइल एक्सप्लोररही होतं. कुणी एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) पाठवली तरी नादाला लागू नका. मी लोकलसेंड वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. दोन्हीकडे उघडलं की एकमेकांची नावं दिसतात (नावं ते स्वतःच ठेवतं, एक विशेषण आणि एक फळ जोडून). समोरच्या नावावर टिचकी, तिकडे 'ॲक्सेप्ट', झालं.

नाव दिसलं नाही तर संशय आधी फायरवॉलवर घ्या. लोकलसेंड पहिल्यांदा उघडताना विंडोज परवानगी विचारतं, तिथे घाईत 'कॅन्सल' दाबलेलं असतं.

ॲप टाकायचं नसेल तर काही फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपीची (नेटवर्कवरून फाइल नेण्याच्या एका जुन्या पद्धतीची) सोय असते. ती चालू केली की पडद्यावर एक पत्ता दिसतो. तो जसाच्या तसा डेस्कटॉपच्या फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करा. क्रोममध्ये टाकू नका, ब्राउझरांनी एफटीपी केव्हाच सोडून दिलंय. काम झाल्यावर बंद करायला विसरू नका, कारण या वाटेने जाणारी फाइल आणि पासवर्ड दोन्ही उघडेच जातात.

डेस्कटॉप यजमान

डेस्कटॉपला लॅन केबलने किंवा यूएसबी टेदरिंगने नेट मिळतंय आणि ते घरातल्या फोन, टॅब, टीव्हीला वाटायचंय, किंवा तीन-चार यंत्रं एकत्र आणायची आहेत, तर यजमानपद डेस्कटॉपला द्या. विंडोज १० मध्ये ही सोय २०१६ पासून आहे, ११ मध्येही तीच. 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'मोबाइल हॉटस्पॉट'. तिथे नेट कुठून घ्यायचं ते निवडा, वाटायचं वायफायवरून असं सांगा, 'एडिट'मध्ये नाव आणि पासवर्ड आपल्या सोयीचा ठेवा, पट्टी निवडा आणि बटण चालू करा. जास्तीत जास्त ८ यंत्रं जोडता येतात. वायफायचा बल्ब किंवा प्लग जोडणार असाल तर पट्टी २.४ च हवी. बहुतेकांना ५ कळत नाही.

त्याच पानावर 'पॉवर सेव्हिंग' असं बटण आहे. ते चालू असलं की पाच मिनिटं कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. "सकाळी चालू केला होता, दुपारी गायब," ही तक्रार त्यातूनच येते. ते बंद करा.

इथे एक मोठी अडचण आहे. डेस्कटॉपला स्वतःलाच कुठलं नेट नसेल तर विंडोज हा हॉटस्पॉट चालू करूच देत नाही. वाटायला काही नाही तर वाटणार काय, असा त्याचा हिशेब. अशा वेळी एक फोन यूएसबी टेदरिंगवर लावा, मग बटण चालू होतं. तेही जमणार नसेल तर भांडत बसू नका, वरच्या पद्धतीने फोनलाच यजमान करा. काही स्वस्त डोंगल पाहुणे व्हायला तयार असतात, यजमान व्हायला नसतात. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये ती सोयच नसते. मग 'मोबाइल हॉटस्पॉट सुरू करता येत नाही' असा निरोप कितीही वेळा रिस्टार्ट केलं तरी येत राहतो.

विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. 'सेटिंग्ज'मध्ये वायफायच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत 'टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट' आहे, आणि त्याला नेट असण्याची अट नाही. फक्त डोंगल तेव्हा दुसऱ्या वायफायला जोडलेला असेल तर ती जोडणी तुटते.

यजमान डेस्कटॉपचा पत्ता विंडोजवर बहुधा १९२.१६८.१३७.१ असतो, उबुंटूवर १०.४२.०.१. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण फोल्डर शेअर करायचा असेल तर फोनला हाच सांगायचा. डेस्कटॉपवर फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'शेअर'. मग आयफोनच्या 'फाइल्स' ॲपमध्ये तीन ठिपके, 'कनेक्ट टू सर्व्हर', आणि तिथे हा पत्ता. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारख्या ॲपमध्ये 'नेटवर्क'खाली तोच पत्ता.

तो नाव आणि पासवर्ड विचारेल. इथे शंभरातले नव्वद जण अडतात, कारण ते डेस्कटॉप उघडायचा चार आकडी पिन टाकतात. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज बाहेरून कुणालाच आत घेत नाही. उघडं दार समजून तुम्ही जाता आणि ते बंद निघतं. एक पासवर्ड ठेवा, प्रश्न मिटतो.

प्रिंटर आणि पडदा

वायफायच्या बहुतेक प्रिंटरांत वायफाय डायरेक्ट असतं, म्हणजे प्रिंटरच यजमान. वायफायच्या यादीत 'डायरेक्ट'ने सुरू होणारं नाव दिसलं तर तो तुमचा (किंवा शेजाऱ्याचा) प्रिंटर. पासवर्ड प्रिंटरच्या मेनूत असतो, नाहीतर नेटवर्कची माहिती छापणाऱ्या पानावर मिळतो. डोंगल एकच असेल तर प्रिंटरला जोडलं की वायफायचं नेट सुटतं. छापून झालं की परत फोनला जोडा.

फोनचा पडदा डेस्कटॉपवर बघायचा असेल तर विंडोजच्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'वायरलेस डिस्प्ले' टाका. अँड्रॉइडवर 'कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू'त डेस्कटॉपचं नाव दिसेल. मात्र डोंगलला मिराकास्ट (पडदा वायरशिवाय पाठवायची पद्धत) यायला हवं, आयफोनला ते येत नाही, आणि जमलं तरी चित्र अडखळत येतं. शिकवणीच्या वर्गात फळा दाखवायला ठीक, सिनेमाला नाही.

दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी असतील तर वायरलेसचा हट्टच सोडा. साधी लॅन केबल एकातून दुसऱ्यात थेट लावा. गिगाबिट पोर्ट असतील तर सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. डोंगल त्याच्या जवळपासही जात नाही.

जोडलंय, पण चालत नाही

डेस्कटॉपच्या वायफाय जोडणीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा पाहुणा आत आला पण यजमानाने त्याला पाट दिलाच नाही. त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. हॉटस्पॉट बंद-चालू करा, जोडणी 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. पत्ता ठीक असेल, फक्त समोरचं यंत्र दिसत नसेल, तर पुन्हा फायरवॉल आणि 'प्रायव्हेट' तपासा.

फोन पाहुणा असेल आणि डेस्कटॉपकडे नेट नसेल तर फोन विचारतो, 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का?' तिथे 'हो' म्हणा. आपण ते न बघता पुढे जातो, फोन गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो, आणि आपण मात्र डोंगलला शिव्या घालत बसतो. आणि एक: काही फोन आपल्या हॉटस्पॉटवरच्या दोन पाहुण्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. अशा वेळी फाइल आधी यजमान फोनवर घ्या, मग पुढे द्या.

दुकानात शेवटी काय केलं

मावसभावाचा स्वतःचा फोन हॉटस्पॉटने जोडला, त्याचे फोटो आणि डिझाइनच्या फाइल लोकलसेंडने येतात. गिऱ्हाइकाला मात्र ॲप टाकायला सांगता येत नाही. त्यासाठी डेस्कटॉपवर गूगलचं क्विक शेअर टाकलं. जानेवारी २०२४ पर्यंत त्याचं नाव निअरबाय शेअर होतं. अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असतं. डोंगलला ब्लूटूथ घ्या असं वर म्हटलं ते यासाठी. दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वायफाय चालू हवं, अंतर पाच मीटरच्या आत, आणि डेस्कटॉप 'सगळ्यांना दिसेल' असा ठेवलेला. कधी कधी फाइल ब्लूटूथच्याच वाटेने हळूहळू येते, पण दोन पानांच्या पीडीएफला तेवढं पुरतं. जुन्या फोनवर क्विक शेअर नसेल तर साधं ब्लूटूथ. फक्त विंडोजवर आधी 'रिसीव्ह फाइल्स' उघडून बसावं लागतं, मग समोरच्याने पाठवायचं. आयफोनवाल्यांना ब्लूटूथने फाइल पाठवताच येत नाही, त्यांच्यासाठी केबल अजून गल्ल्याशेजारी लटकलेली आहे.

पहिल्या आठवड्यात त्याने उत्साहाच्या भरात हॉटस्पॉटचा पासवर्ड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर लावला होता. जो आत येईल त्याला त्याच नेटवर्कवरून शेअर केलेले फोल्डर शोधता येतात, आणि त्याच्या फोल्डरला 'एव्हरीवन', म्हणजे कुणीही उघडावं, अशी मुभा दिलेली होती. आत लोकांचे आधार, पॅन, पासबुकच्या प्रती. मी पुठ्ठा उतरवला, पासवर्ड बदलला, फोल्डरचं शेअरिंग काढलं. आता संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तो डाउनलोडचा फोल्डर रिकामा करतो, मग रिसायकल बिनही. पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सध्या रंगीत झेरॉक्सचे दर लिहिलेले आहेत.